खांद्याची दुखापत आणि भौतिकोपचार

खांदा निखळल्यावर, स्नायुबंध फाटल्यावर किंवा सांधा आखडल्यावर हाताची हालचाल व ताकद परत मिळावी म्हणून टप्प्याटप्प्याने दिला जाणारा व्यायाम व उपचार. बोलीत याला ‘फिजिओ’ म्हणतात.

भुजास्थीचे (दंडाच्या हाडाचे) गोल डोके अंसफलकाच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, उथळ खळगीत बसते. एका वेळी त्याचा जेमतेम एक-तृतीयांश भाग खळगीला टेकलेला असतो. हात चौफेर फिरतो तो यामुळेच, आणि सांधा निखळतोही यामुळेच. डोके खळगीच्या मध्यावर धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायूंचे कडे, म्हणजे रोटेटर कफ (पुढे नुसते ‘कफ’), करते. हात वर जाताना अंसफलकही फिरते. १९४४ मध्ये इनमन, साँडर्स व अ‍ॅबट यांनी हे प्रमाण २:१ असे मांडले : १८० अंशांपैकी सुमारे १२० मुख्य सांध्यातून, ६० अंसफलकाच्या फिरण्यातून. पुढील मोजमापांत ते व्यक्तीगणिक आणि टप्प्यागणिक बदलताना आढळले. सुरुवातीच्या ३० अंशांत अंसफलक जवळजवळ जागचे हलत नाही. तरी तपासणीत हा ठोकताळा कामाचा आहे. हात उचलताना खांदा कानाकडे चढू लागला, की सांधा अडला आहे आणि मानेकडचे स्नायू त्याची उणीव भरत आहेत, असे समजावे.

नामविचार : आखडलेल्या खांद्याला १८७२ मध्ये द्युप्ले यांनी सांध्याभोवतीचा दाह म्हटले, १९३४ मध्ये बॉस्टनच्या कॉडमन यांनी ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिले, तर १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी ‘अ‍ॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस’, म्हणजे चिकटलेल्या आवरणाचा दाह, असे म्हटले. सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून पाहता आवरण हाडाला चिकटलेले क्वचितच दिसते. ते जाड होऊन आकसलेले असते. त्यामुळे कारणाविषयी काहीच न सांगणारे कॉडमन यांचे नाव अधिक सुरक्षित वाटते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ‘अवबाहुक’ हाच हा विकार, असे अनेक वैद्य मानतात. खांद्यातला वायू तेथील बंधन शोषतो व सिरा आखडवतो, असे ते वर्णन आहे. ‘अंसशोष’ हा स्वतंत्र विकार की अवबाहुकाचीच आधीची अवस्था, यावर एकमत नाही. खांद्याचे मांस वाळणे, म्हणजे अंसशोषाचे लक्षण, हे मज्जातंतूच्या इजेत व रोटेटर कफ फाटल्यावरही दिसते, हे ध्यानात घेता एकाच आधुनिक निदानाशी त्याची सांगड घालणे घाईचे ठरेल.

व्यायामक्रम : निखळलेला सांधा बसवल्यावर हात साधारण १ ते ३ आठवडे झोळीत ठेवतात, कफ शिवला असल्यास ४ ते ६ आठवडे. त्या काळात बोटे, मनगट व कोपर हलवत राहावे. झोपताना कोपराखाली उशी द्यावी, नाहीतर हात मागे लोंबकळतो आणि ठणक्याने झोप मोडते. दंडाच्या बाहेरच्या बाजूस चकतीएवढा भाग बधिर वाटल्यास अ‍ॅक्सिलरी मज्जातंतू दुखावल्याची शक्यता असते. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

पहिला व्यायाम बहुधा कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा लंबकाचा. चांगला हात मेजावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात ओल्या टॉवेलासारखा सैल सोडावा आणि कंबर हलवून त्याला १०-१५ फेरे द्यावेत, दिवसातून दोन-तीनदा. येथे हमखास होणारी चूक म्हणजे हात स्वतःच्या जोराने फिरवणे. मग विश्रांती हवी असलेला स्नायूच राबतो. यानंतर काठी किंवा दारावरून सोडलेली दोरी घेऊन चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा, पुढे भिंतीवर बोटे चालवत चढायचे. पोहोचलेल्या जागी पेन्सिलीची खूण केली, की आठवड्याची प्रगती डोळ्यांना दिसते.

ताकदीची सुरुवात हालचालीविना करतात : कोपर काटकोनात, मूठ भिंतीवर, ५ सेकंद दाब, १० वेळा. नंतर रबरी पट्टा. बाहेर फिरवण्याच्या व्यायामात कोपर व बरगड्या यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल धरावा. तो पडला, तर कोपर सुटले आणि कफाऐवजी दंडाचा मोठा स्नायू ओढतो आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत व्हावे. न झाल्यास मात्रा कमी करावी. शिवलेला स्नायुबंध हाडाशी जुळायला सुमारे १२ आठवडे लागतात. दुखणे थांबले म्हणून सहाव्या आठवड्यात पाण्याची बादली उचलणाऱ्याचे टाके सुटू शकतात. झोळी महिनोन्महिने गळ्यात ठेवणेही तितकेच घातक. मधुमेह असलेल्यांचा खांदा विशेष लवकर आखडतो. बसवलेल्या सांध्यावर जोराची मालीश व झटके देणे टाळावे.

नाशिक परिसर : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) याचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ येथे आहे, अभिमत विद्यापीठांखालची वगळता राज्यातील भौतिकोपचार महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि घडांची विरळणी ही कामे हात खांद्याच्या वर ठेवून, कात्री चालवत तासन्‌तास चालतात. जेवणखाण, अंघोळ जमू लागली की घरचे ‘बरा झाला’ म्हणतात; मांडवाखाली मात्र वरचे शेवटचे ३०-४० अंश आणि तिथे टिकण्याची ताकद लागते. कफ शिवलेल्या मजुराला म्हणूनच अशा कामावर परतायला बहुधा ४ ते ६ महिने लागतात. आधी अर्धा तास काम, मग हात खाली घेऊन विसावा, आणि शक्य तिथे पायाखाली पाट किंवा पालथे क्रेट, म्हणजे घड डोळ्यांच्या पातळीला येतो.