टेनिस पंच : कार्य व वाटचाल (बेळगाव सीमाभाग)

टेनिस सामन्यात गुण मोजणारे, नियम लावणारे आणि स्पर्धा पार पाडणारे अधिकारी. मराठीत या सगळ्यांना सरसकट पंच म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा शब्द कुस्ती-कबड्डीमुळे घरोघरी रुळलेला आहे. टेनिसमध्ये मात्र त्यात तीन वेगळी पदे येतात. चेअर अंपायर एका सामन्याचा, रेफरी संपूर्ण स्पर्धेचा. चीफ अंपायर पंचांना कामे वाटून देतो आणि त्यांचे मूल्यमापन करतो.

अधिकारांची वाटणी नेमकी आहे. चेंडू रेषेला लागला की बाहेर पडला, ही वस्तुस्थिती. तिथे चेअर अंपायरचा शब्द अखेरचा आणि रेफरीलाही तो फिरवता येत नाही. नियमाचा अर्थ लावण्यात चूक झाली असे वाटले, तर खेळाडू रेफरीला बोलावू शकतो. 2020 च्या अमेरिकन ओपनमध्ये नोवाक जोकोविचने मारलेला चेंडू रेषेवरच्या महिला पंचाला लागला, तेव्हा त्याला बाद ठरवण्याचा निर्णय स्पर्धेच्या रेफरीने घेतला.

पंचाचा खरा कस लागतो तो लाल मातीच्या कोर्टवर. खुर्ची 1.82 ते 2.44 मीटर उंच असते. चेंडूची खूण तपासायची तर पंचाने खाली उतरायचे, पण उतरताना नजर त्या खुणेवरच ठेवायची. कारण शेजारीच आधीच्या फटक्यांच्या डझनभर खुणा असतात. नजर सुटली की सगळ्या सारख्याच दिसतात. खूण रेषेला जराशी जरी टेकली असेल, तरी चेंडू आत.

वाटचाल राष्ट्रीय पातळीवरच्या प्रशिक्षणापासून सुरू होते. पुढे आंतरराष्ट्रीय बॅज, म्हणजे पंचाचा चढता दर्जा : पांढरा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. रेफरी आणि चीफ अंपायर यांच्यासाठी ब्राँझ नाही. पांढरा व ब्राँझ प्रशिक्षणवर्ग आणि परीक्षेतून मिळतात. सिल्व्हर व गोल्ड मात्र वर्षानुवर्षांच्या कामावर ठरतात. पूर्णवेळ करार मोजक्यांनाच मिळतो. बाकीचे स्पर्धेगणिक मानधनावर काम करतात आणि घर चालवायला दुसरी नोकरी सांभाळतात.

या शिडीची खालची पायरी आता निखळते आहे, आणि ही चिंतेचीच बाब आहे. पूर्वी नवखा पंच रेषेवर उभा राहून मोठ्या सामन्यांचा अनुभव घेई. ऑस्ट्रेलियन व अमेरिकन ओपनने 2021 मध्ये सर्व कोर्टवर चेंडू आत की बाहेर हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. 2025 मध्ये विम्बल्डननेही रेषापंच काढले. त्यामुळे शिकण्याची जागा उरते ती मुख्यतः लहान स्पर्धांत.

बेळगाव कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या कक्षेत येते आणि संघटनेचे केंद्र बेंगळुरूच्या कब्बन पार्कात, सुमारे 500 किलोमीटरवर. कोल्हापूर जेमतेम 110, पण मधे राज्याची हद्द. धारवाड सर्वांत जवळ. तिथे 2023 मध्ये पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. सीमाभागातल्या होतकरू पंचाने धारवाडपासून सुरुवात करावी हेच शहाणपणाचे. एकदा आंतरराष्ट्रीय बॅज मिळाला, की त्याला राज्याची हद्द आड येत नाही.

मुलांच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना बहुधा खुर्चीवर पंच नसतो. आपापल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे खेळाडू स्वतःच ठरवतात, शंका आली तर चेंडू आत धरतात, आणि एकच फिरता पंच अनेक कोर्टवर लक्ष ठेवतो. इथे सीमाभागातल्या माणसाची एक जमेची बाजू कामी येते. एका मुलाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये तितक्याच सहजतेने तो बोलू शकतो, आणि कुणालाही परकेपणा वाटत नाही. गुणांवरून वाद झाला, की दोघांना शांतपणे एकेक गुण आठवायला लावायचा. टेनिसमध्ये पहिले तीन गुण 15, 30, 40 असे मोजतात. एक म्हणतो 40-30, दुसरा म्हणतो 30-40, आणि वाद फक्त पहिल्या गुणाचा निघाला, तर प्रत्येकाचे दोन गुण दोघांनाही मान्य असतात. मग तो एक गुण बाजूला ठेवून पंच 30-30 पुकारतो आणि खेळ तिथून पुढे सुरू होतो.