मेमरी बलूनिंग

मेमरी बलूनिंग : चालू व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, म्हणजेच 'गेस्ट') न थांबवता तिच्याकडे पडून असलेली मेमरी होस्टने (तिला चालवणाऱ्या प्रत्यक्ष यंत्रणेने) परत मिळवण्याची पद्धत. एका सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनना देऊ केलेल्या मेमरीची बेरीज पुष्कळदा प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त असते. टंचाई आली की कोणाकडून किती काढायचे हे होस्ट ठरवू शकतो. पण कोणते पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) कामाचे आणि कोणते पडीक, हे गेस्टच्या कर्नललाच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच) ठाऊक असते. होस्टने अंदाजाने एखादे पेज डिस्कवर टाकले आणि गेस्टनेही नेमके तेच स्वॅपसाठी (मेमरीतून डिस्कवर हलवण्यासाठी) निवडले, तर ते डिस्कवरून आणायचे ते केवळ पुन्हा डिस्कवर लिहिण्यासाठी.

यावरचा उपाय कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीच्या शोधनिबंधात मांडला. गेस्टमध्ये एक छोटा ड्रायव्हर बसवतात. होस्टने सांगितले की तो आपल्याच कर्नलकडे मेमरी मागत 'फुगतो'. कर्नल नेहमीच्या नियमांनी कमी गरजेची पेज मोकळी करतो आणि ड्रायव्हर त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो. निवड गेस्टची, लाभ होस्टचा, आणि तरीही गेस्टच्या कर्नलमध्ये काहीच बदलावे लागत नाही. या कल्पनेचे मोठेपण त्यातच आहे.

लिनक्सच्या केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीवर) हेच काम व्हर्टआयओ-बलून करतो; व्हर्टआयओ म्हणजे गेस्ट आणि होस्ट यांच्यातल्या संवादाचे प्रमाण. फुगण्यासाठी एक रांग, आकसण्यासाठी (घेतलेली मेमरी गेस्टला परत देण्यासाठी) दुसरी आणि त्यांतून जाणारे ३२ बिटांचे पेज-क्रमांक, एवढाच त्याचा मूळ आराखडा. पेज मात्र कायम ४ केबीचे धरले आहे, आणि ही निवड पुढे महागात पडली. ६४ केबीची पेज वापरणाऱ्या, एआरएम किंवा पॉवर प्रोसेसरांवरच्या गेस्टमध्ये एकेका पेजसाठी १६ क्रमांक पाठवावे लागतात. एक्स८६ प्रोसेसरांवर होस्टची २ एमबीची मोठी पेज तुटतात. मागणी अती झाली तर गेस्टमधल्या प्रक्रिया मेमरीअभावी मारल्या जातात. म्हणून अशा वेळी बलूनने आपणहून आकसण्याची सोय नंतर जोडली गेली.

सर्वांत नाजूक भाग विश्वासाचा. होस्टला दिलेल्या पेजला गेस्टने पुन्हा हात लावला, तर होस्ट सहसा शून्यांनी भरलेले नवे पेज मुकाट्याने पुरवतो. त्यामुळे परक्या गेस्टवर मेमरीची मर्यादा लादायला बलून पुरेसा नाही. 'वापरण्याआधी होस्टला कळवा' अशी अट व्हर्टआयओमध्ये आहे, पण ती पाळणे शेवटी गेस्टच्याच हाती. २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये आलेल्या व्हर्टआयओ-मेममध्ये मेमरी मोठ्या ब्लॉकांत जोडली व काढली जाते, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त ब्लॉक मागितले तर होस्ट नकार देतो. त्याच वर्षी लिनक्स ५.७ मध्ये आलेल्या सोयीने गेस्ट मोकळी पेज न विचारताच कळवू लागला.

एएमडी एसईव्ही-एसएनपी आणि इंटेल टीडीएक्स या, गेस्टची मेमरी होस्टपासून सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयींमध्ये संशयाची दिशा उलटते. तिथे गेस्टच होस्टवर विश्वास ठेवत नाही. होस्टने पुरवलेले पेज गेस्टने स्पष्टपणे स्वीकारल्याशिवाय त्याला वापरता येत नाही. मुकाट्याने पेज बदलून देण्याची जुनी सवलत तिथे चालत नाही.