अ‍ॅमडालचा नियम

अ‍ॅमडालचा नियम : कामाचा काही भागच वेगवान करता येत असेल, तर संपूर्ण कामाचा वेग जास्तीत जास्त किती वाढू शकतो हे सांगणारा संगणकशास्त्रातील नियम. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेचे मुख्य रचनाकार जीन मायरन अ‍ॅमडाल (१९२२–२०१५) यांच्या नावाने तो ओळखला जातो. एकाच वेळी अनेक प्रोसेसर वापरण्याच्या संदर्भात त्याचा उल्लेख सर्वाधिक होत असला, तरी डिस्क, मेमरी किंवा गणिती सहप्रोसेसर यांपैकी कोणताही एक घटक बदलतानाही तोच हिशेब लागू पडतो.

एका प्रोसेसरवर लागणाऱ्या एकूण वेळेपैकी जो अंश क्रमानेच पार पाडावा लागतो तो ‘अ’ आणि प्रोसेसरांची संख्या ‘न’ मानली, तर

वेगवाढ = १ ÷ [अ + (१ − अ) ÷ न]

‘न’ कितीही वाढवला तरी वेगवाढ १ ÷ अ च्या पुढे जात नाही. क्रमिक अंश ५ टक्के असेल, तर ८ प्रोसेसरांवर वेग ५·९ पट, १६ वर ९·१ पट, ६४ वर १५·४ पट आणि १,०२४ वर १९·६ पट होतो. कमाल मर्यादा २० पट. म्हणजे ६४ नंतर घातलेल्या ९६० प्रोसेसरांच्या पदरात जेमतेम चार पटींची भर पडते.

उगम : एप्रिल १९६७ मध्ये अटलांटिक सिटी येथे झालेल्या संगणक परिषदेत अ‍ॅमडाल यांनी वाचलेल्या छोटेखानी निबंधात या नियमाचे मूळ सापडते. इलियॅक-४ सारख्या, अनेक प्रक्रिया-घटक एकाच वेळी चालवणाऱ्या यंत्रांचा त्या काळी बोलबाला होता आणि निबंधाचा रोख एकल प्रोसेसरची बाजू मांडण्याकडे होता. मात्र आज पाठ्यपुस्तकांत छापले जाणारे सूत्र त्या निबंधात नाही. तेथे आहे तो शब्दांत मांडलेला युक्तिवाद. प्रत्यक्ष वापरातील प्रोग्राममध्ये सुमारे ४० टक्के सूचना माहितीच्या व्यवस्थापनावर खर्च होतात. खास परिस्थितीत हे प्रमाण निम्म्यावर आणता येईल, पण एक तृतीयांशावर येणे फारच अवघड. आणि हे काम स्वभावतःच क्रमिक दिसत असल्याने एकूण वेगवाढ पाच ते सात पटींवर अडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ४० टक्क्यांचे निम्मे म्हणजे २० टक्के, त्यावरून मर्यादा ५. एक तृतीयांश म्हणजे सुमारे १३ टक्के, त्यावरून साडेसात. सूत्र न लिहिता त्याचाच हिशेब त्यांनी केला होता, हे यावरून उघड होते.

बीजगणिती रूप नंतरच्या लेखकांनी दिले. विलिस वेअर यांच्या १९७२ मधील लेखात याच संबंधाची मांडणी आढळते आणि समांतर गणनेवरील (एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर काम वाटून करण्यावरील) काही जुन्या लेखनात त्याला ‘वेअरचे प्रतिमान’ म्हटले आहे. सूत्राचे श्रेय विभागले जात असले, तरी कल्पनेचे श्रेय अ‍ॅमडाल यांना देणेच रास्त ठरते.

गुस्टाफसन यांचा आक्षेप : १९८८ मध्ये सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील जॉन गुस्टाफसन व सहकाऱ्यांनी १,०२४ प्रोसेसरांच्या यंत्रावर तीन वैज्ञानिक प्रोग्राममध्ये हजार पटींहून अधिक वेगवाढ दाखवली. मोठे यंत्र हाती आले की लोक तोच प्रश्न लवकर सोडवत बसत नाहीत, मोठा प्रश्न घेतात; म्हणून प्रश्नाचा आकार नव्हे, तर वेळ स्थिर धरावा, असा गुस्टाफसन यांचा मुद्दा. त्यांचे सूत्र

वेगवाढ = न − (न − १) × क

असे असून त्यातील ‘क’ हा समांतर यंत्रावर मोजलेला क्रमिक अंश आहे. ‘क’ ५ टक्के आणि ‘न’ ६४ असल्यास उत्तर ६०·८५ येते. वर याच आकड्यांना अ‍ॅमडालचे सूत्र १५·४ देते, म्हणून दोन नियम परस्परविरोधी आहेत असा समज बराच काळ रूढ होता. वस्तुतः दोन्ही ठिकाणचे ५ टक्के एकच नव्हेत. समांतर यंत्रावरचा तो अंश एका प्रोसेसरच्या वेळेत बदलून घेतला, तर अ = ०·०५ ÷ (०·०५ + ०·९५ × ६४), म्हणजे सुमारे ०·०००८२ येतो; ही किंमत अ‍ॅमडालच्या सूत्रात घातल्यावर उत्तर पुन्हा ६०·८५ च मिळते. दोन्ही सूत्रे गणिती दृष्ट्या समतुल्य आहेत हे युआन शी यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. खरा मतभेद प्रश्नाचा आकार वाढताना क्रमिक काम तेवढेच राहते की तेही वाढते, एवढ्यापुरताच उरतो. आलेल्या विनंतीला ठरावीक वेळेत उत्तर देणाऱ्या प्रणालीत प्रश्न मोठा करण्याची सोयच नसते. तेथे अ‍ॅमडालची मर्यादा जशीच्या तशी लागते.

प्रत्यक्ष मोजमाप : क्रमिक अंश कोड वाचून क्वचितच कळतो, तो वेळेवरून काढावा लागतो. त्यासाठी अ‍ॅलन कार्प व होरेस फ्लॅट यांनी १९९० मध्ये सुचवलेले सूत्र सोयीचे आहे :

अंश = (१ ÷ वेगवाढ − १ ÷ न) ÷ (१ − १ ÷ न)

समजा, एका प्रोग्रामला १ कोअरवर (एकाच चिपवरील स्वतंत्र प्रोसेसर म्हणजे कोअर) १२० सेकंद, ४ वर ३७·५, ८ वर २४ आणि १६ वर १८·७५ सेकंद लागले. वेगवाढ अनुक्रमे ३·२, ५ आणि ६·४. अंश ०·०८३, ०·०८६ आणि ०·१००. हा आकडा स्थिर राहिला असता, तर दोष निव्वळ क्रमिक कोडचा ठरला असता. येथे तो चढत आहे, याचा अर्थ कोअर वाढतील तसा लॉकसाठी (सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या कुलपासाठी) ताटकळणे, संदेशांची देवाणघेवाण किंवा कामाची असमान वाटणी यांचा खर्चही वाढतो आहे. अशा वेळी क्रमिक कोड घासूनपुसून फारसे काही साधत नाही.

मोजताना घड्याळी वेळ, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत प्रत्यक्ष गेलेली वेळ, घ्यावी. सीपीयू-वेळेत, म्हणजे प्रोसेसर कामात असल्याच्या वेळेत, सर्व कोअरची बेरीज होत असल्याने वेगवाढ दिसतच नाही. तुलनेचा आधार म्हणून समांतर प्रोग्राम एका थ्रेडवर (सूचनांच्या एकाच प्रवाहावर) चालवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण त्यात थ्रेड व लॉक यांचा बोजा आधीच मिसळलेला असतो. उत्तम क्रमिक प्रोग्रामची वेळ धरणे योग्य. एकच कोअर चालू असताना बरेच प्रोसेसर घड्याळगती (काम करण्याच्या ठोक्यांचा वेग) आपोआप वाढवतात, त्यामुळे क्रमिक अंश प्रत्यक्षाहून मोठा भासतो. तुलनेपुरती गती स्थिर करावी. एका कोअरवरचे, त्याचीच साधने वाटून घेणारे दोन हार्डवेअर थ्रेड दोन कोअर म्हणून मोजणे ही नेहमीची चूक. याउलट, वाटून दिलेला डेटा प्रत्येक कोअरच्या कॅशमध्ये (जवळच्या लहान पण जलद मेमरीत) मावू लागला की वेगवाढ ‘न’ च्याही पुढे जाते. त्याने नियम मोडत नाही. प्रत्येक कोअरचा वेग सारखाच राहतो हे गृहीतक तेवढे मोडते.

विस्तार : मार्क हिल व मायकेल मार्टी यांनी २००८ मध्ये हा नियम बहुकोअर चिपच्या रचनेला लावला. क्रमिक भागासाठी एक मोठा कोअर आणि बाकीच्यासाठी अनेक लहान कोअर अशी विषम रचना, सर्व कोअर सारखे ठेवण्यापेक्षा सरस ठरू शकते, असे त्यांचे प्रतिमान दर्शवते.

कोअरांमधील परस्परसंवादाचा खर्च मूळ सूत्रात नाही. नील गंथर यांनी १९९० च्या दशकात तो जमेस धरून छेदात आणखी एक पद घातले :

वेगवाढ = न ÷ [१ + अ × (न − १) + ब × न × (न − १)]

यातील ‘ब’ हे परस्परसंवादाच्या खर्चाचे प्रमाण. ‘ब’ शून्य असता हे अ‍ॅमडालचेच सूत्र होते. ‘अ’ ०·०५ आणि ‘ब’ ०·०००५ घेतल्यास ४४ प्रोसेसरांवर वेगवाढ १०·७ पटींचे शिखर गाठते, ६४ वर १०·४ होते आणि १२८ वर ८·३ पर्यंत घसरते.