फोर-बाय-फोर म्हणजे ब्रेकही चांगले?

‘फोर-बाय-फोर गाडीत इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबते’ हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतू शकतो. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना लागतात. फोर-बाय-फोरमुळे गाडी पुढे ओढण्याची क्षमता वाढते. थांबणं आणि वळणावर टिकणं मुख्यतः टायरच्या पकडीवर अवलंबून असतं.

स्वस्तातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर-बाय-फोर असतं, म्हणजे मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत हा फरक चाकं घसरून भरून निघतो; कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. त्यामुळे शहरात ती टू-व्हील ड्राइव्हवरच, म्हणजे दोनच चाकांना ताकद देऊन चालवायची.

डाव्या-उजव्या चाकांमधलं डिफरन्शियल साधं (लॉक न होणारं) असेल आणि पुढचं एक, मागचं एक चाक अधांतरी झालं, तर तीच चाकं नुसती फिरत राहतात आणि फोर-बाय-फोर गाडीही जागीच अडकते. म्हणून बजेट तोकडं असेल तर आधी चांगले टायर, पुरेसा ग्राउंड क्लिअरन्स, आणि खडकाळ चढ असतील तर लो-रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) पाहा. जुनी गाडी घेताना फोर-हाय (नेहमीच्या गिअरमधलं फोर-बाय-फोर) आणि फोर-लो (लो-रेंजमधलं) दोन्ही मातीवर लावून बघा, चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) गंज खालून तपासा.