'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' खरंच झोन साठवतो का?

समज असा: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलमचा प्रकार 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' ठेवला की प्रत्येक नोंदीचा झोनही साठतो. नावावरून तसं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात लोड होताना वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून 8 बाइट्समध्ये साठते, मूळ झोन तिथेच गळतो. दाखवताना सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, झोन लागतो.

घोळ होतो तो लोड करायच्या फाइलमध्ये ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) नसताना. मुंबईतल्या दुकानाचं सकाळी 10:00 चं बिल यूटीसी सेशनमधून लोड केलं, तर मुंबईच्या सेशनमध्ये ते 15:30 दिसतं. एररही येत नाही, हेच जास्त घातक. फाइलमध्येच +05:30 लिहा, किंवा लोडआधी सेशनचा झोन आशिया/कोलकाता करा.

तपासायला एक नोंद टाका, सेशनचा झोन बदलून पुन्हा सिलेक्ट करा: दिसणारी वेळ बदलेल. मूळ झोन हवाच असेल तर त्यासाठी वेगळा टेक्स्ट कॉलम ठेवा.