बाळाच्या हृदयातल्या गाठी आणि ईस्टर आयलंडची माती

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत डॉक्टर एकाच जागी प्रोब फिरवत राहतात, मग म्हणतात बाळाच्या हृदयात गाठी दिसतायत, फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या. आईबापाच्या डोक्यात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. म्हणून आधी हेच सांगते की बाळांच्या हृदयात सगळ्यात जास्त सापडणारी गाठ म्हणजे रॅब्डोमायोमा, आणि ती कॅन्सरची नसते. जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत बहुतेक गाठी आपोआप आकसतात. अडचण होते ती गाठ रक्ताच्या वाटेतच आडवी आली किंवा ठोके बिघडवायला लागली तर, आणि पूर्वी अशा वेळी हातात एकच उपाय असायचा, तीन किलोच्या बाळाची ओपन हार्ट सर्जरी.

एकापेक्षा जास्त गाठी असल्या की बहुतेकदा मागे ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकीय आजार असतो, साधारण सहा हजार जन्मांमागे एक. त्याची पहिली नोंद १८६२ची, बर्लिनची. फॉन रेकलिंगहाउझेन या डॉक्टरांनी एका बाळाची तपासणी मांडली, ते बाळ जन्मून चार श्वास घेऊन गेलं होतं, हृदयात गाठी होत्या आणि मेंदूतही कडक झालेले भाग. आजाराला नाव मिळालं १८८०मध्ये पॅरिसचे डॉक्टर बूर्नव्हिल यांच्याकडून. पण नाव मिळालं म्हणून औषध थोडंच मिळतं, त्याला पुढची शंभरावर वर्षं जायची होती.

औषध आलं ते भलतीकडूनच. १९६४ साली कॅनडाची एक टीम बोटीने पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंडला गेली, तिथले लोक त्या बेटाला रापा नुई म्हणतात. बेटावर घोडे खूप, त्यांच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, माणसं अनवाणी फिरतात, तरी धनुर्वात का होत नाही हा प्रश्न टीममधल्या नोग्राडी यांना पडला म्हणून त्यांनी बेटाचे तुकडे पाडून जागोजागची माती गोळा केली. ती माती माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत पोचली आणि तिथे सुरेंद्र नाथ सहगल यांच्या टीमने तिच्यातल्या एका जंतूपासून बुरशी मारणारं रसायन वेगळं केलं, बेटाच्या नावावरून रॅपामायसिन. सहगल आपल्या बनारस हिंदू युनिव्हर्सिटीत फार्मसी शिकलेले, हे वाचलं तेव्हा मला फार भरून आलं. १९८३च्या सुमारास ती लॅब बंद झाली, काम थांबवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी थोडं रॅपामायसिन घरी आणून फ्रीझरमध्ये ठेवलं, वर लिहिलं "खाऊ नका", आणि न्यू जर्सीला बदली झाल्यावर तेही सोबत नेलं. पुढे कंपनीला पटवून काम परत सुरू करायला लावलं. ते प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून १९९९मध्ये ते सिरोलिमस नावाने किडनी ट्रान्सप्लांटसाठी अमेरिकेत मंजूर झालं.

मधल्या काळात पेशींमधलं वाढीचं बटण सापडलं, त्याचं नावच या औषधावरून ठेवलंय, एमटॉर, त्यातला आर म्हणजे रॅपामायसिन. आणि ट्यूबरस स्क्लेरोसिसची दोन जनुकं, एक १९९३ला आणि दुसरं १९९७ला सापडलेलं, ही त्याच बटणाचा ब्रेक निघाली. ब्रेक गेला की गाठी वाढतात. मग औषधाने ब्रेक लावून बघायचं हे ओघानेच आलं. २००६मध्ये सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी मेंदूतल्या गाठी यानेच लहान झाल्याचं दाखवलं, आणि २०१०नंतर सिरोलिमस आणि त्याचं भावंड एव्हरोलिमस दिलेल्या नवजात बाळांच्या केसेस छापून यायला लागल्या, काहींच्या गाठी थोड्याच दिवसांत बारीक झाल्या आणि रक्ताची वाट मोकळी झाली. २०१८मध्ये तर गरोदर आईलाच सिरोलिमस दिल्याची केस आली, पोटातल्या बाळाच्या गाठी आकसल्या.

अर्थात गाठ दिसली की औषध असं नाही. गाठी गप्प बसल्या असतील तर नुसता इको करत राहायचं. औषध सुरू केलं तर रक्तातली लेव्हल पुन्हा पुन्हा तपासावी लागते, कारण नवजात बाळाचं लिव्हर ते हळू पचवतं, शिवाय प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे इन्फेक्शनवर लक्ष ठेवायचं आणि बीसीजी, तोंडावाटेचा पोलिओ अशा जिवंत लसींबद्दल डॉक्टरांना आधी विचारायचं. आणि औषध थांबवल्यावर काही बाळांच्या गाठी परत वाढल्यात, म्हणून बंद केल्यावरही इकोच्या तारखा चुकवू नका.