प्रक्षोभाची सबब : लाहोरपासून हडपसरपर्यंत

धर्माविषयी कोणी अपमानकारक बोलले किंवा लिहिले, तर त्याच्यावर हात उचलणे समर्थनीय ठरते का, या प्रश्नाला भारतीय फौजदारी कायद्याने 1860 पासून नकारार्थीच उत्तर दिले आहे. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. संतापाच्या भरात केलेला खून हलक्या गुन्ह्यात मोडावा का, जामीन देताना आरोपीची दुखावलेली धर्मभावना त्याच्या बाजूने जमेस धरावी का, आणि हिंसा होईल या धास्तीने बोलणाऱ्यालाच आधी अटक करावी का, अशा वेगवेगळ्या वाटांनी हा प्रश्न न्यायालयांपुढे येत राहिला.

मुंबईने तो 1860 च्या भारतीय दंड संहितेच्याही आधी पाहिला होता. 1851 मध्ये एका गुजराती सचित्र नियतकालिकात पैगंबरांचे चित्र छापले गेल्यावरून पारशी-मुस्लिम दंगल झाली आणि 1874 मध्ये एका पारशी लेखकाने गुजरातीत आणलेल्या पैगंबर-चरित्रावरून दुसरी झाली. दुसऱ्या खेपेस पोलीस आयुक्तांनी पुस्तकाची विक्री थांबवली होती, तरीही 13 फेब्रुवारीच्या शुक्रवारी नमाजानंतर दंगल उसळलीच. मजकूर मागे घेतला की रस्ता शांत होतो ही समजूत तेव्हाच खोटी पडली होती, पण प्रशासनाने ती आजतागायत सोडलेली नाही.

आजच्या कायद्याची घडण मात्र लाहोरमध्ये झाली. 1924 मध्ये तिथल्या एका प्रकाशकाने पैगंबरांच्या खासगी जीवनावर हीन दर्जाची पुस्तिका काढली. खालच्या न्यायालयांनी त्याला कलम 153-अ खाली दोषी धरले, पण 1927 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. हयात असलेल्या समाजाविरुद्ध वैर पसरवणे आणि दिवंगत धर्मसंस्थापकावर टीका करणे, मग ती कितीही विकृत असो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे कलम फक्त पहिलीसाठी आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. अशा लेखनासाठी संहितेत तरतूद असायला हवी, असेही त्यांनी त्याच निकालात सुचवले होते. निकालाविरुद्ध उसळलेल्या संतापात ही सूचना कोणाच्या ध्यानात राहिली नाही. न्यायमूर्तींच्या राजीनाम्याची मागणी झाली, निकालावर कठोर टीका करणाऱ्या एका संपादकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि दुसऱ्या एका प्रकरणात त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नेमका उलटा अर्थ लावला. अखेर त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाने कलम 295-अ संमत केले. धर्माचा किंवा धर्मभावनांचा ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’ केलेला अपमान आता गुन्हा ठरला व त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. इतिहासलेखन आणि प्रामाणिक धर्मचिकित्सा यांना या कलमाची झळ लागता कामा नये, असा इशारा चर्चेत ज्यांनी दिला, त्यांत पुढे पाकिस्तानचे संस्थापक झालेले मुंबईचे बॅरिस्टरही होते.

नवे कलम आले, पण प्रकाशक वाचला नाही. एक प्राणघातक हल्ला त्याने 1927 मध्येच सोसला होता. 6 एप्रिल 1929 रोजी विशीच्या उंबरठ्यावरच्या एका तरुणाने त्याला त्याच्या दुकानातच भोसकून ठार केले. पुस्तिका निघून तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि सुरी त्याच दिवशी सकाळी बाजारातून विकत घेतलेली होती. अपिलात तेच मुंबईचे बॅरिस्टर आरोपीच्या बाजूने उभे राहिले. आरोपीचे वय कोवळे आहे आणि धर्मसंस्थापकावरील श्रद्धेपोटी संतापून त्याने हे कृत्य केले, म्हणून फाशी देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे तिथेही मागणी होती ती सवलतीचीच, समर्थनाची नव्हे. उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि 31 ऑक्टोबर 1929 रोजी मियाँवाली तुरुंगात फाशी झाली. लाहोरमधील त्या तरुणाच्या कबरीला पुढे जो मान मिळाला तो न्यायालयाने दिलेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवलेले बरे.

कायद्याच्या भाषेत हा सगळा खेळ खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 300 च्या पहिल्या अपवादाभोवती फिरतो. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे स्वतःवरचा ताबा सुटून जीव घेतला गेला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. खासगी संरक्षणाचा हक्क शरीर आणि मालमत्ता यांच्यापुरताच आहे. दुखावलेल्या भावनेच्या बचावासाठी असा हक्क संहितेने कधी दिलाच नाही. प्रक्षोभाचे आधुनिक माप ठरले ते मुंबईत 1959 मध्ये घडलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात. आरोपीच्याच समाजस्तरातील सर्वसाधारण माणसाचा तोल त्या परिस्थितीत गेला असता का, हे पाहावे आणि शब्द किंवा हावभावही काही वेळा प्रक्षोभ ठरू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये म्हटले. बायकोच्या तोंडून परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली ऐकल्यावर तिला व मुलांना चित्रपटगृहावर सोडून, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर मिळवून, मग प्रतिस्पर्ध्याच्या घरी पोहोचलेल्या अधिकाऱ्याला मात्र ही सवलत मिळाली नाही, कारण राग निवायला पुरेसा वेळ मधे गेला होता. या कसोटीवर लाहोरची सुरीही टिकली नसती, आणि मोबाइलवर पाहिलेल्या मजकुरावरून जमाव गोळा करून काढलेला मोर्चा तर नाहीच नाही.

कलम 295-अ च्या घटनात्मकतेचा प्रश्न 1957 मध्ये निकाली निघाला. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या कारणांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ घातली होती. तिचाच आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. अपमानाचा तीव्र आणि हेतुपुरस्सर प्रकारच या कलमात येतो, सहज किंवा नकळत झालेला नव्हे, असे न्यायालयाने बजावले. व्यवहारात ही मर्यादा कागदावर राहते, कारण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते हे खरे, पण अटक त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. दंगलीच्या धमक्यांपुढे नमून अभिव्यक्ती दडपणे म्हणजे धाकदपटशापुढे शरणागती, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात सांगितले; पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत ते पोहोचल्याचे दिसत नाही.

यानंतरचा सर्वांत वादग्रस्त आदेश महाराष्ट्रातला आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि एका दिवंगत राजकीय नेत्याची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरल्यानंतर पुण्यात तणाव होता. 2 जून 2014 च्या रात्री हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारहाण करून ठार केले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी 2017 मध्ये तीन आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने नमूद केले की मृताचा दोष इतकाच होता की तो दुसऱ्या धर्माचा होता. ही बाब आपण अर्जदारांच्या बाजूने विचारात घेतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यांच्यावर आधीचे गुन्हे नाहीत आणि धर्माच्या नावाखाली ते भडकवले गेल्याचे दिसते, हेही आदेशात नोंदवले. वैयक्तिक वैर नव्हते एवढेच न्यायमूर्तींना म्हणायचे असेल, असा उदार अर्थ लावता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शक्यता बोलून दाखवलीही. पण शब्दांचा सरळ अर्थ वेगळा होता. ज्याने काहीच लिहिले नाही त्याच्या मृत्यूत, दुसऱ्या कोणी लिहिलेल्या गोष्टीचा राग आरोपींच्या पारड्यात टाकला गेला. संहितेच्या पहिल्या अपवादातही हे बसले नसते, कारण प्रक्षोभ देणाऱ्याऐवजी तिसऱ्याच माणसाचा जीव गेला, तर तो चुकून किंवा अपघाताने गेला असेल तरच तो अपवाद लागू होतो. इथे तर बळी धर्म पाहून निवडला होता. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द करून जामिनाचा विचार नव्याने करायला सांगितले आणि कोणत्याही समाजाच्या बाजूने वा विरोधात झुकणारी निरीक्षणे न्यायालयाने करू नयेत, असे स्पष्ट केले. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. त्यामुळे प्रक्षोभाची ही सबब पुराव्याच्या कसोटीवर तपासली जाण्याची वेळच आली नाही.

पाकिस्तानात त्याच जुन्या संहितेला 1980 च्या दशकात आणखी कठोर कलमे जोडली गेली. त्या कलमांवर टीका करणाऱ्या प्रांतिक राज्यपालांना 2011 मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. कायद्यावरची टीका म्हणजे धर्मनिंदा नव्हे, असे सांगत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्याची फाशी कायम केली. आपल्याकडे जून 2022 मध्ये अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा आणि आठवड्याभरातच उदयपूरमध्ये एका शिंप्याचा खून झाला. दोन्ही ठिकाणी समाजमाध्यमांवरील मजकूर हेच कारण असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 295-अ चे कलम 299 झाले आणि प्रक्षोभाचा अपवाद कलम 101 मध्ये जवळपास जशाच्या तसा आला. नवी भर आहे ती कलम 103 च्या दुसऱ्या पोटकलमाची. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समाज, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणावरून केलेला खून तिथे वेगळा सांगितला आहे. 2017 मध्ये जी बाब आरोपींच्या बाजूने धरली गेली, तीच इथे गुन्ह्याची ओळख ठरली आहे. शिक्षा मात्र साध्या खुनाला आहे तीच, मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड.